सात वाजताचं रक्त

१

सोमवारी सकाळी दहा वीसला कुरुवम्माळला मुलगा झाला आणि दहा पंचविसाला तिचं रक्त थांबेनासं झालं. पोट उघडं, डॉक्टरांचे हात कोपरापर्यंत लाल, आणि रक्त गोठायचं नाव घेईना. अकरा पिशव्या चढवल्या. शेवटी गर्भाशय काढलं तेव्हा बाई वाचली. वय सत्तावीस. थोरली मुलगी घरी, हा मुलगा दुसरा. तिसरं मूल आता तिला कधीच होणार नव्हतं.

अंबासमुद्रमसारख्या गावात अशी बातमी दुपारच्या जेवणाआधी दोन्ही बाजारांत पोचते. संध्याकाळपर्यंत पोन्नी अम्माळ प्रसूतिगृहाच्या विश्वस्तांनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता. तिचं नाव जेबमणी, सकाळच्या पाळीची नर्स. बुधवारी चार वाजता समिती बसणार होती. आरोप टिकला तर जेबमणीचं नाव नर्सांच्या नोंदवहीतून कायमचं खोडलं जाणार होतं, आणि त्यानंतर पोलीस होतेच.

बुधवारी सकाळी नऊ वाजता तिरुनेलवेलीच्या बसमधून डॉक्टर शेण्बगवल्ली, म्हणजे शेण्बगम अम्मा, उतरल्या. वय सहासष्ट, उभा जन्म रक्ताच्या तपासण्यांत गेलेला, निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली. कागदावर बाहेरच्या तज्ज्ञाची सही लागते म्हणून विश्वस्तांनी त्यांना बोलावलं होतं. सही करून दुपारच्या बसने त्या परत जातील असा सगळ्यांचा अंदाज होता. त्यांना ओळखणारं तिथे फारसं कुणी नव्हतं, त्यामुळे अंदाज चुकला.

हकिगत डॉक्टर कुमरगुरूंनी सांगितली. ऑपरेशन त्यांनीच केलेलं. माणूस हाताचा चांगला आणि तोंडाचा त्याहून चांगला. सहाव्या महिन्यात कुरुवम्माळच्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली होती. तेव्हापासून रोज सकाळी सहाला तिच्या पोटावर रक्त पातळ ठेवण्याची सुई दिली जाई. पहिलं बाळंतपण पोट कापून झालेलं, म्हणून हेही तसंच करायचं ठरलं. रविवारची सुई शेवटची, सोमवारी द्यायची नाही, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. कपाटातल्या तिच्या नावाच्या ट्रेमध्ये रविवारी दुपारी भरलेल्या, बाळंतपणानंतर द्यायच्या पाच सुया होत्या. सोमवारी दुपारी मोजल्या तर चार.

"सहा वाजले, जेबमणीचा हात सवयीने ट्रेकडे गेला," कुमरगुरू म्हणाले. "दुसरं काय असणार, अम्मा? सात वाजताचा रक्ताचा रिपोर्ट बघा. सगळं ठीक. दहा वाजता रक्त पाण्यासारखं. सुईचा असर चढायला जेवढा वेळ लागतो तेवढा."

शेण्बगम अम्मांनी रिपोर्ट घेतला. चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून परत वाचला. मग त्यांनी कुरुवम्माळच्या ऑपरेशनचं टिपण मागवलं, त्यातली एक ओळ बोटाने दाबून ठेवली आणि पुन्हा रिपोर्टकडे वळल्या.

"सगळं ठीक आहे, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण हे रक्त कुणाचं?"

२

कुमरगुरूंना वाटलं, म्हातारीला ऐकू कमी येतं. त्यांनी नाव मोठ्याने सांगितलं.

अम्मांनी त्यांना समोर बसवलं. शिकवायची सवय जाता जात नाही. बाई गरोदर राहिली की तिचं रक्त बाळंतपणाच्या तयारीला लागतं, त्या सांगू लागल्या. वार सुटेल तेव्हा जखम मोठी असणार हे रक्ताला नऊ महिने आधीच ठाऊक असतं. म्हणून गुठळीची जाळी विणणारं जे प्रथिन, फायब्रिनोजेन, ते वाढत जातं. एरवी दोनशे ते चारशे, नवव्या महिन्यात पाचशेच्या आसपास. जाळी विणली जाते तशी उसवतेही, आणि उसवल्याचे तुकडे, ज्याला आपण डायमर म्हणतो, तेही वाढतात. म्हणून तर गरोदर बाईच्या पोटरीत गुठळ्या होतात आणि म्हणून तर ती सुई.

"हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे," कुमरगुरू म्हणाले.

"मग इथे फायब्रिनोजेन किती आहे?"

"दोनशे अठ्ठेचाळीस. रिपोर्टवर ठीक म्हणून छापलंय."

"यंत्राने छापलंय. बाई गरोदर आहे हे यंत्राला कुणी सांगितलंय?"

कुमरगुरू हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी लगेच दुसरी वाट काढली. कदाचित आत कुठे रक्त साकळत असेल, त्यात प्रथिन खर्ची पडत असेल. अम्मांनी मान डोलावली. तीच शंका त्यांनाही आली होती. पण जाळी खर्ची पडत असेल तर तुकडे हजारोंनी सापडले पाहिजेत. या रिपोर्टमध्ये डायमर होता एकशे ऐंशी. इतका कमी डायमर नवव्या महिन्यातल्या धडधाकट बाईचाही नसतो. जाळीही एरवीची आणि तुकडेही एरवीचे, म्हणजे हे रक्त निरोगी होतं आणि ज्या बाईचं होतं तिच्या पोटात मूल नव्हतं.

प्रयोगशाळेत नमुन्याच्या नळ्या आठवडाभर राखून ठेवतात. तंत्रज्ञ सुयंबू कधी काळी अम्मांच्याच हाताखाली शिकला होता. त्यांना दारात बघून तो उभाच राहिला, तो पुढे बसलाच नाही. त्याने सोमवारची नळी शोधली. नाव कुरुवम्माळचं, वेळ सातची, अक्षर त्याचंच. कुरुवम्माळचा रक्तगट महिन्याभरापूर्वी दोनदा तपासला होता आणि अकरा पिशव्या त्याच गटाच्या चढल्या होत्या. गट ओ.

सुयंबूने नळीतल्या रक्ताचा गट लावला. काचपट्टी हलवली, डोळ्यांजवळ नेली आणि पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून केलं.

"अम्मा," तो म्हणाला, "हे बी आहे."

३

सत्य सापडलं की निरपराध सुटतो, असं लोक समजतात. अर्ध्या तासात उलटंच झालं. कुमरगुरूंनी नळीची बातमी ऐकली आणि ते जवळजवळ खूश झाले. नमुना पाठवायची जबाबदारी कुणाची? जेबमणीची. म्हणजे बाईने सुईही दिली आणि नळीही बदलली. खरा रिपोर्ट आला असता तर सुई उघडी पडली असती, म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी रक्त पुढे केलं. काल तिच्यावर हलगर्जीपणाचा आरोप होता, आज लबाडीचाही चढला. मेट्रनबाईंनी हळूच सांगितलं की चारच्या बैठकीला आता पोलीसही येतील.

अम्मा जेबमणीला भेटल्या त्या कपड्यांच्या खोलीत. तिला वॉर्डात पाऊल ठेवायची बंदी होती, म्हणून ती चादरींच्या घड्या घालत बसली होती. आई विड्या वळते, बाप नाही, धाकटा भाऊ मदुरैला शिकतो. हे तिने सांगितलं नाही, मेट्रनबाईंनी आधीच सांगितलं होतं. रडून झालेलं दिसत होतं. बोलताना मात्र ती सरळ बोलली. सुई दिलेली नाही. नळीला तिने हातही लावलेला नाही.

"मग रक्त काढलं कुणी?"

"इथे गोठण्याच्या तपासाची नळी वॉर्डात काढत नाहीत, डॉक्टरम्मा. रेघेपर्यंत भरत नाही, वाटेत वेळ जातो, म्हणून सुयंबू अण्णा ओरडतात. चालता येणाऱ्या बाईला प्रयोगशाळेच्या खिडकीवर पाठवायचं. मी चिठ्ठी दिली आणि तिला तिच्या बहिणीबरोबर पाठवलं. मी सोबत जायला हवं होतं. माझ्याकडे अकरा खाटा होत्या."

शेवटचं वाक्य कुणी तिला विचारलं नव्हतं. अम्मांना ती तिथेच आवडली, आणि आवडली याचा त्यांना थोडा रागही आला. तपास करणाऱ्याने कुणाला आवडून घेऊ नये असं त्यांचं मत होतं.

त्यांनी सोमवारी ऑपरेशनला नेण्याआधी भरलेला कागद मागितला. जेबमणीचं अक्षर टपोरं. साडेआठ वाजता, दागिने काढले. त्याखाली, दोन्ही हातांतल्या काचेच्या बांगड्या साबण लावून उतरवल्या, सासूकडे दिल्या.

"किती होत्या?"

"कोपरापर्यंत. सातव्या महिन्यात वळैकाप्पू झालं, बांगड्या भरल्या, तेव्हाच्या, लाल आणि हिरव्या. बाळंत होईतो काढायच्या नसतात ना. सासू भांडली माझ्याशी. म्हणाली, या बाळंतपण करणारीला द्यायच्या असतात, आधी उतरवल्या तर अपशकुन."

अम्मांनी कागदाची घडी केली आणि प्रयोगशाळेकडे परत निघाल्या. वाटेत, गर्भाशयाचं ऑपरेशन झालेल्या बायकांच्या खोलीसमोर, त्या थांबल्या; हरवलेल्या पाचव्या सुईचा माग अजून लागायचा होता. आत एक शिक्षिका पाय उंच करून पडली होती. गाठींमुळे तिचं गर्भाशय सोमवारी दुपारी काढलं होतं. अम्मांनी तिची विचारपूस केली, पोटावरची चादर जरा बाजूला केली आणि बेंबीशेजारचा पिकलेल्या जांभळाएवढा डाग बघितला.

"हा कधीचा?"

"रविवार संध्याकाळचा," शिक्षिका म्हणाली. "सिस्टर जेवायला गेली होती. डॉक्टरांनी स्वतःच दिली सुई. फार सज्जन माणूस."

४

प्रयोगशाळेची खिडकी म्हणजे भिंतीतलं एक चौकोनी भोक. आतल्या बाजूला सुयंबूची खुर्ची, बाहेरच्या बाजूला बाक, आणि मध्ये जाड हिरवा पडदा. बायका सुई बघून पडायच्या, म्हणून तीन वर्षांपूर्वी पडदा लावला. तेव्हापासून पडणं बरंच कमी झालं. चिठ्ठी आत यायची, सुयंबू नाव पुकारायचा, बाहेरून होय आलं की पडद्याखालून हात आत यायचा. दिवसाला साठ-सत्तर हात. माणूस दिसायचं नाही.

ही व्यवस्था सुयंबूचीच आणि तिचा त्याला अभिमान होता. अम्मांनी पडदा दोन बोटांनी उचलून पाहिला तेव्हा तो अभिमान त्याच्या तोंडावरून उतरला.

"सोमवारी सात वाजता आलेला हात आठव."

"साठ हातांतला एक कसा आठवणार, अम्मा?"

"वळैकाप्पू झालेल्या बाईचा हात आला की तू काय करतोस?"

सुयंबूने तोंड वाकडं केलं. बांगड्या वर सारायला लागतात, पट्टा बांधायला जागा उरत नाही, एखादी फुटली की बाहेरून शिव्या. त्याला ते बोलताना थांबवावं लागलं नाही. तो आपणहून थांबला.

"त्या दिवशी बांगड्या सारल्या नाहीत मी," तो म्हणाला. "पहिलाच हात होता. शीर लगेच सापडली."

"आणखी?"

"बोटं पिवळी होती. तंबाखूचा वास. विडी वळणारीचा हात, आमच्या गावात निम्म्या बायकांचा असाच." तो खिडकीकडे बघत राहिला. "आणि एक बोलली ती. नळी भरल्यावर. म्हणाली, पुरे झालं का? आणखी लागलं तर घ्या. मला हसू आलं, म्हणून लक्षात राहिलं. असं कुणी म्हणत नाही, अम्मा. सगळे विचारतात, एवढं का काढलं."

शेण्बगम अम्मांना हसू आलं नाही. त्यांना वाईट वाटलं, अगदी सरळ वाईट वाटलं. जे शोधत होतो ते सापडलं आणि नसतं सापडलं तर बरं, असं त्यांच्या नोकरीत फार वेळा झालं नव्हतं. घड्याळात सव्वादोन झाले होते.

५

पेच्ची अतिदक्षता कक्षाबाहेरच्या बाकावर तीन दिवस बसून होती. कुरुवम्माळची बहीण, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. नवऱ्याने मूल होत नाही म्हणून टाकलेली, तेव्हापासून धाकट्या बहिणीच्या घरी. विड्या वळून जे मिळे ते त्या घरात देत होती आणि थोरल्या भाचीला तिनेच वाढवलं होतं. घर कुरुवम्माळच्या सासूचं, चेल्लत्ताईचं. कुरुवम्माळचा नवरा कोइमतूरच्या गिरणीत, त्यामुळे घरात शब्द चाले तो चेल्लत्ताईचाच. ती आत्ता जेवायला घरी गेली होती.

अम्मा शेजारी बसल्या. दोघींसाठी करुपट्टीची, म्हणजे ताडगुळाची, कॉफी मागवली. पेच्चीने पेला दोन्ही हातांत धरला. बोटं पिवळी होती, मनगटं मोकळी.

"सोमवारी खिडकीत हात तू घातलास," अम्मा म्हणाल्या.

पेच्चीने नाही म्हटलं नाही. उलट तिला सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं. ती सांगू लागली. आधीच्या आठवड्यात दोनदा रक्त काढलं होतं आणि दुसऱ्यांदा कुरुवम्माळ बाकावरून खाली पडली होती. चेल्लत्ताई घरभर म्हणत होती, रोज नळी नळी काढतायत, पोरासाठी काय ठेवणार? सोमवारी पहाटेपासून कुरुवम्माळची कंबर दुखत होती, चेहरा पांढरा पडला होता. खिडकीपाशी आल्यावर ती थरथरायला लागली. आतून नाव पुकारलं गेलं. पेच्चीने तिला बाकाच्या कडेला सरकवलं, होय म्हटलं आणि आपला हात आत घातला.

"तपासायचं रक्तच ना, अम्मा? आम्ही एका आईच्या. एका पोटातल्या. तिचं काय नि माझं काय. आणि रिपोर्ट तर चांगला आला. त्या सिस्टरने सुई दिली नसती तर..."

अम्मांनी तिला पुढे बोलू दिलं नाही. हे सांगायचं कसं याचा त्यांनी क्षणभर विचार केला. मऊ करून सांगायला त्या कधी शिकल्या नव्हत्या.

कंबर दुखत होती ती वार सुटायला लागली होती म्हणून, त्यांनी सांगितलं. आत रक्त साकळत होतं आणि बाहेर दिसत नव्हतं. कुमरगुरूंनीच टिपणात लिहिलं आहे, वारेमागे जुनी काळी गुठळी. सहाच्या सुईने रक्त पातळ झालं असतं तर अशी घट्ट, काळी गुठळी धरली नसती. कुरुवम्माळच्या अंगातली सगळी जाळी त्या एका जागी खर्च होत होती आणि कापायची वेळ आली तेव्हा काही उरलंच नव्हतं. तिचं स्वतःचं रक्त सातला तपासलं असतं तर हे दिसलं असतं. आधी प्लाझ्मा चढवला असता, मग कापलं असतं. गर्भाशय कदाचित राहिलं असतं. कदाचित, हा शब्द त्यांनी मुद्दाम दोनदा उच्चारला.

पेच्चीने पेला खाली ठेवला.

"पण एका आईचं रक्त वेगळं कसं होईल?"

"तिच्या पोटात मूल होतं. तुझ्या नव्हतं. एवढाच फरक."

शब्द तोंडातून गेल्यावर ते कुठे लागले हे अम्मांना कळलं, आणि परत घेता येण्यासारखे ते नव्हते.

मग त्यांनी चारच्या बैठकीचं सांगितलं. नळी कुणाची हे कुणी सांगितलं नाही तर ती जेबमणीने बदलली असंच धरणार. पेच्ची खाली बघत म्हणाली की चेल्लत्ताईला हे कळलं तर तिला त्या घरात पाऊल टाकता येणार नाही. बहीण शुद्धीवर येईल तेव्हा जवळ बसता येणार नाही. बाळाला तर तिने अजून हातही लावलेला नाही. अपशकुनी हाताची, म्हणून सासूने लावू दिला नाही.

"मी तुझं नाव सांगणार नाही," अम्मा म्हणाल्या. "खिडकीत दुसराच कुणाचा हात आला, इतकंच सांगेन. ते पुरेल का, मला माहीत नाही."

६

पुरलं नाही.

चार वाजता लांब टेबलाभोवती विश्वस्त, मेट्रनबाई, कुमरगुरू आणि एक पोलीस उपनिरीक्षक बसले होते. जेबमणी भिंतीशी उभी होती. खुर्ची होती, पण बस असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

शेण्बगम अम्मांनी आधी सुईचा निकाल लावला. सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावर काढलेल्या नमुन्यात फायब्रिनोजेन सत्तर, डायमर दहा हजारांच्या वर. ती सुई रक्ताला पातळ करते, प्रथिन खात नाही. वाहून गेलेल्या रक्तातून ते कमी होतं, पण तुकड्यांचा असा डोंगर वाहून जाण्याने साचत नाही. तो तासन्‌तास आत चाललेल्या गोठण्याचाच. टिपणातली जुनी काळी गुठळी तेच सांगते. राहिली पाचवी सुई. ती जिला टोचली ती बाई सोळा नंबरच्या खाटेवर आहे, पोटावर तीन दिवसांचा डाग आहे. कुणी दिली ते ती कौतुकाने सांगते.

कुमरगुरूंचा रंग बदलला. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि मग आठवलं. मोठ्या ऑपरेशननंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनीच ती दिली होती. हाताशी होता त्या ट्रेमधून घेतली आणि लिहायचं राहून गेलं. त्यांनी ते कबूल केलं, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. पण कबूल करता करताच नळीवर आले.

"मान्य. सुई नाही दिली. पण नळीत दुसऱ्याचं रक्त आलं आणि त्या रिपोर्टवर विसंबून मी कापलं. खिडकीत दुसरा हात आला म्हणता. कुणाचा? नाव नसेल तर जबाबदारी हिचीच."

उपनिरीक्षकाने पेन उघडलं. अम्मांनी टेबलावरचे स्वतःचे हात बघितले. दिलेला शब्द आणि भिंतीशी उभी असलेली मुलगी, यांतलं एक आता सोडावं लागणार होतं आणि कोणतं ते त्यांनी ठरवलंही होतं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दार वाजलं.

पेच्ची आत आली. तिच्या मागे, वऱ्हांड्यात, चेल्लत्ताई उभी होती. जेवणाचा डबा हातात तसाच होता. पेच्चीने तिला आधीच सांगितलेलं असावं. चेहऱ्यावरून तसं दिसत होतं.

"हात माझा होता," पेच्ची म्हणाली. "सिस्टरने बरोबर चिठ्ठी दिली होती. लिहून घ्या. पेच्चियम्माळ, वडील शुडलैमुत्तू."

तिने पदर सारून डावा हात टेबलावर ठेवला. सुयंबूला बोलावलं गेलं. तिच्या रक्ताचा गट लावायला तीन मिनिटं लागली. गट बी आला.

उपनिरीक्षकाने पेन बंद केलं, यात गुन्हा काय लिहायचा हे त्याला कळेना. विश्वस्तांनी खिडकीवरचा पडदा आजच काढायचा ठराव केला. जेबमणीला कामावर घेतल्याचं मेट्रनबाईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं. कुमरगुरूंनी तिची माफी मागितली, जरा लांबलचक शब्दांत.

बाहेर चेल्लत्ताई वाट बघत होती. ओरडली नाही. तिने पेच्चीला इतकंच सांगितलं की तिचं बोचकं आपण संध्याकाळी दारात काढून ठेवू. पेच्चीने मान हलवली आणि बाकावरची आपली पिशवी उचलली.

जेबमणी त्यांच्या शेजारून वॉर्डात गेली. तीन दिवसांनी जात होती. फळ्यावर तिने आपलं नाव लिहिलं, हात धुतले, बाळांच्या खोलीत गेली आणि कुरुवम्माळचा मुलगा कापडात गुंडाळून बाहेर घेऊन आली. चेल्लत्ताईने सवयीने हात पुढे केले.

"आई अतिदक्षता कक्षात असेपर्यंत बाळ माझ्या ताब्यात आहे," जेबमणी म्हणाली. "कुणाकडे द्यायचं ते पाळीवरची नर्स ठरवते. इथला नियम आहे."

तिने पेच्चीच्या खांद्यावरची पिशवी उतरवून बाकाखाली ठेवली. "बसा अक्का," ती म्हणाली. पेच्ची बसली. जेबमणीने मूल तिच्या मांडीवर दिलं आणि डोक्याखाली हात कसा धरायचा ते दाखवलं.